टेकडी कोणाची?

बर्फावरून घसरण्याचा खेळ, म्हणजे स्कीइंग, म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आल्प्समधली महागडी हॉटेले येतात. माझीही समजूत तीच होती. काही वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात मुलीकडे हिवाळा काढला, तेव्हा एका शुक्रवारी संध्याकाळी शेजारी आम्हाला रिचमंड गावच्या 'कॉक्रन्स' या टेकडीवर घेऊन गेले. टेकडी आपल्या पर्वतीपेक्षा थोडीशीच उंच. पायथ्याच्या खोलीत सगळ्यांची जेवणे चालली होती. वाढणारी कुणाची आई होती, कुणाचे आजोबा. बाहेर कुणाचेही पोर पडले, तर जवळ असेल तो त्याला उठवत होता. हे सारे कुठून आले, याचे मला कुतूहल वाटले.

पूर्वी एकदा घसरायचे, तर आधी तितकेच चढावे लागे. जानेवारी १९३४ मध्ये याच राज्यातल्या वुडस्टॉक गावी एका शेतकऱ्याच्या कुरणात काही खटपट्या मंडळींनी फोर्डच्या 'मॉडेल टी' मोटारीच्या इंजिनावर दोर फिरवला. दोर घट्ट धरायचा, की माणूस वर ओढला जाई. अमेरिकेतला असा हा पहिला दोर. जुने इंजिन, दोर आणि उतार एवढ्यावर काम भागत असल्याने गावोगाव अशा टेकड्या उभ्या राहिल्या. सुटीच्या दिवशी गावच तिथे जमू लागले.

पुढे दिवस पालटले. बर्फ कमी पडलेल्या हिवाळ्यांत कृत्रिम बर्फाच्या यंत्रांचा खर्च छोट्यांना झेपेना. १९७८ मध्ये व्हरमाँटच्या सर्वोच्च न्यायालयाने अपघातात अपंग झालेल्या एका नवशिक्याची पंधरा लाख डॉलरची भरपाई कायम केली. त्या माणसाचे दुःख खरेच होते. पण त्यानंतर विम्याचे हप्ते कडाडले. त्या भागातल्या शेकडो टेकड्या काळाच्या ओघात बंद पडल्या. उतारांवर पुन्हा झाडी माजली.

मग काही तगल्या कशा? कॉक्रन्सचेच पाहा. १९६१ मध्ये मिकी कॉक्रन या इंजिनिअरने स्वतःच्या चार मुलांसाठी घरामागे दोर बसवला. शेजारची मुले येऊ लागली, तेव्हा त्यांनी आणि पत्नी जिनी यांनी कुणाला नाही म्हटले नाही. चारही मुले अमेरिकेच्या संघात गेली. त्यांतल्या बार्बरा अ‍ॅनने १९७२ च्या सापोरो ऑलिंपिकमध्ये अवघ्या दोन शतांश सेकंदांनी सुवर्णपदक मिळवले. १९९८ मध्ये कुटुंबाने टेकडी ना-नफा संस्थेच्या हवाली केली. पैसे नाहीत म्हणून एकाही मुलाला परत पाठवायचे नाही, हा तिथला दंडक.

दुसरे उदाहरण मॅड रिव्हर ग्लेन या डोंगराचे. हा बराच मोठा. पण प्रश्न तोच. १९९५ मध्ये मालकीणबाईंनी तो एखाद्या कंपनीला न देता तिथे खेळणाऱ्यांच्याच सहकारी संस्थेला विकला. भाग तेव्हा दीड हजार डॉलरचा होता. 'सहकार' हा शब्द आपल्याला नवा नाही. त्यातली भांडणेही नवी नाहीत! पण १९४८ सालचा, एकेकट्याला वर नेणारा खुर्च्यांचा पाळणा जुना झाला, तेव्हा सभासदांनी जास्त माणसे वाहणारा नवा न घेता २००७ मध्ये तोच दुरुस्त केला. जास्त माणसे वर गेली, तर उतारावर गर्दी होईल, हे त्यांना ठाऊक होते. मालकच तिथे खेळत असल्याने हिशेब निराळा झाला.

२०२२ मध्ये बीजिंगला बार्बरा अ‍ॅनच्या मुलाने, रायनने, रौप्यपदक मिळवले. आईच्या सुवर्णाला बरोबर पन्नास वर्षे झाली होती. ती बातमी वाचताना मला पदकापेक्षा ती शुक्रवारची पंगत आठवली. जेवण झाल्यावर एका आजोबांनी माझ्या हाती निमूटपणे फडके दिले आणि टेबलांकडे बोट दाखवले. पाहुणा म्हणून मला कुणी सोडले नाही. टेकडी कोणाची, याचे उत्तर मला तिथेच मिळाले होते.