चंडीगडमधील सरकारी कर्मचारी: योग्य वेतन आणि निवृत्तीनंतरचे लाभ

हा लेख कोणासाठी?

आपण चंडीगड प्रशासनाच्या एखाद्या विभागात नोकरी करत असाल, निवृत्त झाला असाल, कंत्राटी किंवा रोजंदारी पद्धतीने काम करत असाल, किंवा आपल्या घरातील कर्मचाऱ्याचे निधन झाले असेल, तर ही माहिती आपल्यासाठी आहे. कार्यालयातील कागद बहुधा इंग्रजीत असतात. म्हणून त्या कागदांवर दिसणारे शब्दही येथे मराठी अक्षरांत दिले आहेत.

निवृत्तिवेतन म्हणजे सरकारने मर्जीने दिलेली मदत नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नाकरा प्रकरणात हे स्पष्ट केले. केलेल्या सेवेबद्दल मिळणारा तो हक्क आहे. मात्र हक्काची रक्कम ठरते ती सेवापुस्तकातील नोंदींवरून. नोंद चुकली तर रक्कमही चुकते. ती चूक नोकरीत असतानाच सापडली तर दुरुस्त करणे सोपे जाते.

आपल्याला कोणते नियम लागू आहेत?

चंडीगड १ नोव्हेंबर १९६६ पासून केंद्रशासित प्रदेश आहे. तरीही येथील कर्मचाऱ्यांना अनेक वर्षे पंजाब सरकारच्या वेतनश्रेणी आणि सेवाशर्ती लागू होत्या. केंद्र सरकारने मार्च २०२२ मध्ये नवे सेवाशर्ती नियम अधिसूचित केले. त्यानुसार १ एप्रिल २०२२ पासून चंडीगड प्रशासनाच्या कर्मचाऱ्यांना केंद्र सरकारच्या समकक्ष पदांप्रमाणे वेतन आणि सेवाशर्ती लागू झाल्या. बहुतेक कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय ५८ वरून ६० झाले. महिला कर्मचाऱ्यांची बालसंगोपन रजा एक वर्षावरून दोन वर्षे झाली.

प्रतिनियुक्तीवर आलेल्या कर्मचाऱ्यांना त्यांच्या मूळ राज्याचे किंवा विभागाचे नियम लागू असतात. आपण मंडळात किंवा महामंडळात असाल, तर आपल्या संस्थेने कोणते नियम स्वीकारले आहेत, हे आस्थापना शाखेकडून लेखी घ्यावे.

पगार बरोबर आहे का, हे कसे तपासावे?

केंद्राच्या सातव्या वेतन आयोगानुसार प्रत्येक पदाला वेतनस्तर असतो. इंग्रजी कागदावर याला ‘लेव्हल’ म्हणतात. सर्वात खालच्या स्तराचे किमान मूळ वेतन दरमहा १८,००० रुपये आहे. आपल्या पगारपत्रकावर पुढील गोष्टी पाहाव्यात:

• मूळ वेतन (बेसिक पे): आपल्या स्तराच्या तक्त्यातील आकड्याशी ते जुळले पाहिजे.
• महागाई भत्ता (डीए): जानेवारी आणि जुलै अशा वर्षातून दोन तारखांपासून तो सुधारला जातो.
• वार्षिक वेतनवाढ (इन्क्रिमेंट): १ जानेवारी किंवा १ जुलैला मिळते.
• वेतननिश्चिती (पे फिक्सेशन): १ एप्रिल २०२२ रोजी पंजाबच्या श्रेणीतून केंद्राच्या स्तरात आपले वेतन कसे बसवले, त्याच्या आदेशाची प्रत आपल्याजवळ असावी.

आठव्या वेतन आयोगाच्या अध्यक्षपदी न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई आहेत. आयोगाची कार्यकक्षा ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर झाली आणि अहवालासाठी १८ महिन्यांची मुदत दिली गेली. सरकारी आदेश निघाल्याशिवाय मोबाइलवर फिरणाऱ्या पगाराच्या तक्त्यांवर भरवसा ठेवून कर्ज घेऊ नये.

कंत्राटी आणि रोजंदारी कर्मचाऱ्यांचा हक्क

एकाच टेबलावर दोघे तेच काम करतात. एक कायम आहे, दुसरा कंत्राटी आहे. दोघांच्या पगारात मोठा फरक आहे. अशा प्रकरणांवर पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात परस्परविरोधी निकाल आले होते. सर्वोच्च न्यायालयाने २६ ऑक्टोबर २०१६ रोजी पंजाब राज्य विरुद्ध जगजित सिंग या प्रकरणात हा प्रश्न निकाली काढला. न्यायमूर्ती जे. एस. खेहर आणि नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे यांचे ते खंडपीठ होते.

निकालाचा अर्थ असा: रोजंदारी, तदर्थ, नैमित्तिक किंवा कंत्राटी कर्मचारी नियमित पदावरील कर्मचाऱ्यासारखेच काम आणि तशीच जबाबदारी पार पाडत असेल, तर त्या पदाच्या वेतनश्रेणीतील किमान वेतन त्याला मिळाले पाहिजे.

येथे तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात:

१. काम समान आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर असते. म्हणून नेमणूकपत्र, कार्यालयीन आदेश, हजेरीपट, आपल्या सहीने गेलेली पत्रे यांच्या प्रती जपून ठेवाव्यात.
२. या निकालाने नोकरी आपोआप कायम होत नाही. नोकरी कायम करण्याचा प्रश्न वेगळा आहे. त्यावर एप्रिल २००६ चा उमादेवी प्रकरणाचा निकाल पाहावा लागतो.
३. ठेकेदारामार्फत नेमलेल्यांना, म्हणजे ‘आउटसोर्स’ कर्मचाऱ्यांना, चंडीगडमध्ये सहसा ‘डीसी रेट’ने मोबदला मिळतो. आपल्या कामाचा चालू दर विचारून घ्यावा आणि बँकेत जमा होणाऱ्या रकमेशी ताडून पाहावा. भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल, तर तो आपल्या यूएएन क्रमांकावर जमा होतो का, हे दर महिन्याला पाहावे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत १० वर्षांची सेवा झाल्यास निवृत्तिवेतन मिळते. त्याची किमान रक्कम दरमहा १,००० रुपये आहे.

निवृत्त झाल्यावर काय मिळते?

केंद्राच्या जुन्या निवृत्तिवेतन नियमांत बसणाऱ्या कर्मचाऱ्यांना पुढील लाभ मिळतात:

• निवृत्तिवेतन: किमान १० वर्षांची अर्हताकारी सेवा हवी. शेवटचे मूळ वेतन किंवा शेवटच्या १० महिन्यांची सरासरी, यांपैकी जे फायद्याचे त्याच्या ५० टक्के. त्यावर महागाई वाढ मिळते.
• उपदान (ग्रॅच्युइटी): सेवेच्या प्रत्येक पूर्ण सहा महिन्यांसाठी मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या एक चतुर्थांश. कमाल साडेसोळा पट. १ जानेवारी २०२४ पासून कमाल मर्यादा २५ लाख रुपये आहे.
• रजा रोखीकरण (लीव्ह एन्कॅशमेंट): कमाल ३०० दिवस.
• अंशराशीकरण (कम्युटेशन): निवृत्तिवेतनाच्या ४० टक्क्यांपर्यंत भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात. तो भाग १५ वर्षांनी पुन्हा सुरू होतो.

उदाहरण पाहू. एका कर्मचाऱ्याचे शेवटचे मूळ वेतन ४४,९०० रुपये आहे आणि सेवा ३० वर्षे झाली आहे. त्याचे निवृत्तिवेतन २२,४५० रुपये आणि वर महागाई वाढ. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ७०,००० रुपये धरले, तर उपदान १५ पट, म्हणजे १०,५०,००० रुपये.

आपण ३० जून किंवा ३१ डिसेंबरला निवृत्त झाला असाल, तर दुसऱ्या दिवशी मिळणारी वेतनवाढ फक्त निवृत्तिवेतनाच्या हिशेबापुरती धरली जाते. एप्रिल २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर केंद्राने मे २०२५ मध्ये तसा आदेश काढला. आपल्या पीपीओमध्ये ती धरली आहे का, हे तपासावे.

२००४ नंतर नोकरीला लागलेल्यांसाठी

पगारपत्रकावर ‘प्राण’ क्रमांक असेल, तर आपण राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत, म्हणजे एनपीएसमध्ये आहात. केंद्राच्या सेवेत १ जानेवारी २००४ पासून लागलेल्यांना ती लागू झाली. कर्मचाऱ्याची कपात मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या १० टक्के असते. सरकारचा वाटा एप्रिल २०१९ पासून १४ टक्के आहे. दोन्ही रकमा खात्यात दरमहा दिसल्या पाहिजेत.

१ एप्रिल २०२५ पासून केंद्राची एकीकृत निवृत्तिवेतन योजना, म्हणजे यूपीएस, हा पर्यायही आला. २५ वर्षे सेवा झालेल्याला शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के निश्चित रक्कम मिळते. १० वर्षे सेवा असल्यास किमान १०,००० रुपये मिळतात. सेवेतील कर्मचाऱ्यांना पर्याय देण्याची मुदत ३० नोव्हेंबर २०२५ पर्यंत वाढवली होती. पर्याय दिला असल्यास त्याची पोच सेवापुस्तकात लावून घ्यावी.

कर्मचाऱ्याचे निधन झाल्यास कुटुंबाला काय मिळते?

जुन्या नियमांत कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के असते. वरच्या उदाहरणात ते १३,४७० रुपये होईल. सेवेत असताना निधन झाले, तर पहिली १० वर्षे ते ५० टक्के दराने मिळते. निवृत्तीनंतर निधन झाले, तर वाढीव दर ७ वर्षे किंवा कर्मचाऱ्याच्या वयाची ६७ वर्षे पूर्ण होण्याच्या तारखेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत मिळतो.

पत्नी किंवा पतीनंतर २५ वर्षांखालील मुलांचा क्रम येतो. अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलगी आणि दिव्यांग अपत्य यांनाही अटींनुसार हक्क आहे. मात्र त्यांची नावे कुटुंबाच्या तपशिलात हवीत. घरात लग्न, जन्म, मृत्यू किंवा घटस्फोट झाला की तो तपशील बदलून घ्यावा. एनपीएसमधील कर्मचाऱ्याने सेवेत निधन झाल्यास कुटुंबाला कोणता लाभ हवा, हा पर्यायही भरून द्यायचा असतो. तो कोरा ठेवू नये.

‘जास्त पगार दिला होता, परत करा’ असे पत्र आले तर?

निवृत्तीच्या तोंडावर असे पत्र आले की घर हादरते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह प्रकरणात सांगितले की कार्यालयाच्या चुकीने जास्त रक्कम दिली गेली असेल, तर काही परिस्थितींत वसुली करता येत नाही. त्यांपैकी तीन आपल्याला जास्त उपयोगी आहेत: कर्मचारी गट क किंवा गट ड मधील असणे, कर्मचारी निवृत्त झालेला किंवा आदेशानंतर एका वर्षात निवृत्त होणारा असणे, आणि जास्तीची रक्कम वसुलीच्या आदेशापूर्वी पाच वर्षांहून अधिक काळ दिली गेलेली असणे.

मात्र जुलै २०१६ मध्ये जगदेव सिंग प्रकरणात न्यायालयाने हेही सांगितले, की जास्त रक्कम परत करीन असे वचनपत्र आधी दिले असेल, तर त्यानुसार वसुली होऊ शकते. वेतननिश्चितीच्या वेळी समोर येणारा ‘अंडरटेकिंग’चा कागद वाचल्याशिवाय सही करू नये. त्याची प्रत घ्यावी आणि आकड्यांबाबत शंका असल्यास ती त्याच दिवशी लेखी द्यावी.

निवृत्तीपूर्वी करायची कामे

१. सेवापुस्तक दरवर्षी पाहून सही करावी. ते दाखवत नसतील, तर माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून प्रत मागता येते.
२. १८ वर्षे सेवा झाल्यावर आणि निवृत्तीला ५ वर्षे उरल्यावर अर्हताकारी सेवेची पडताळणी करून प्रमाणपत्र घ्यावे.
३. नाव आणि जन्मतारीख आधार, पॅन, बँक आणि सेवापुस्तक यांत सारखी आहे का, ते पाहावे.
४. नामनिर्देशन अद्ययावत करावे.
५. एक वर्ष आधी निवृत्तीचे प्रकरण सुरू झाले का, हे विचारावे.
६. निवृत्तीनंतर दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा. ८० वर्षांवरील निवृत्तांना तो ऑक्टोबरपासून देता येतो. मोबाइलवरून ‘जीवन प्रमाण’नेही हे काम होते.

वयाची ८० वर्षे पूर्ण झाल्यावर मूळ निवृत्तिवेतनात २० टक्के वाढ मिळते. ती लागली का, हे पासबुकात पाहावे.

दाद कुठे मागावी?

प्रथम आपल्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे, म्हणजे ‘डीडीओ’कडे, लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तेथे काम झाले नाही, तर केंद्राच्या तक्रार पोर्टलवर, म्हणजे ‘सीपीग्राम्स’वर, तक्रार नोंदवता येते. सेवाविषयक वादासाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचे खंडपीठ चंडीगडमध्येच आहे. अंतिम आदेशापासून एका वर्षात तेथे अर्ज करावा लागतो. आपल्या निवेदनाला उत्तरच आले नाही, तर सहा महिने वाट पाहून त्यापुढील एका वर्षात जाता येते. ही मुदत चुकवू नये.

वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर १५१०० या क्रमांकावर विधी सेवेची चौकशी करावी. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते.

या आठवड्यात एक काम नक्की करावे. घरातील फाईल उघडून नेमणूकपत्र, शेवटची वेतननिश्चिती आणि नामनिर्देशन हे तीन कागद आहेत का, ते पाहावे. नसतील, तर प्रतीसाठी आजच अर्ज द्यावा. आणि फाईल कुठे ठेवली आहे, हे घरातील आणखी एका व्यक्तीला सांगून ठेवावे.