परसातील मिरची : रोग बियाण्यातच रोखा

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि करमाळा, माढा तालुक्यांतील जलाशयाकाठच्या गावांत ऊस व केळीची बागायत वाढली. या गावांतील अनेक घरांच्या परसात मिरचीची चार-दोन रोपे असतात. त्यांचे बियाणे घरच्याच वाळल्या मिरचीतून काढलेले असते. गावाकडून आलेले हेच बी शहरातील गच्चीवरच्या कुंड्यांतही रुजते. बियाण्याबरोबर रोगही प्रवास करतो, हे मात्र अनेकदा ध्यानात येत नाही.

बियाण्यातून येणारे रोग

फळकुज व फांद्या वाळणे हा बुरशीजन्य रोग, पानांवरील जिवाणूजन्य ठिपके आणि काही मोझॅक विषाणू बियाण्यातून पसरतात. त्यामुळे डागाळलेल्या वा कुजलेल्या फळाचे बी घेऊ नये. निरोगी झाडाची पूर्ण पिकलेली लाल मिरचीच निवडावी. पेरणीपूर्वी बी पातळ कापडात बांधून ५२ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ३० मिनिटे ठेवावे व लगेच गार करून सावलीत सुकवावे. पाण्याचे तापमान तापमापकानेच पाहावे. ते वाढल्यास उगवणशक्ती घटते. त्यानंतर प्रतिकिलो ५ ग्रॅम या प्रमाणात ट्रायकोडर्मा चोळल्यास कोवळी रोपे कोलमडण्याचे प्रमाण घटते.

स्पर्श आणि किडी

मोझॅकचा विषाणू हात व अवजारांमार्फतही पसरतो. तो तंबाखूतही टिकून राहतो. म्हणून तंबाखू मळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय रोपांना स्पर्श करू नये. पाने आक्रसणारा चुरडा-मुरडा, अर्थात बोकड्या, याचा विषाणू मुख्यतः पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. फुलकिडे व कोळी यांच्यामुळेही पाने वळतात. त्यामुळे पानांची खालची बाजू तपासूनच उपाय ठरवावा. रोपवाटिकेवर बारीक छिद्रांची नायलॉन जाळी लावावी, पिवळे चिकट सापळे टांगावेत आणि किडी दिसताच ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा.

पाणी बुंध्याशीच द्यावे. पानांवर उडणाऱ्या पाण्याबरोबर बुरशी व जिवाणू शेजारच्या झाडावर जातात. टोमॅटो वा वांग्याच्या जागेत लगेच मिरची लावू नये, कारण या पिकांचे अनेक रोग समान आहेत. विषाणू जडलेले झाड औषधाने बरे होत नाही. ते वेळीच उपटून नष्ट करावे आणि त्याच्या मिरच्या कितीही तांबड्या दिसल्या, तरी त्यांचे बी पुढच्या हंगामासाठी राखू नये.