पहिले ५१२ बाइट

कुंभवलीत एका जुन्या संगणकावर लिनक्स बसवायचे ठरले. पेनड्राइव्ह आणला, लिनक्सची आयएसओ फाइल त्यावर उतरवली आणि संगणक सुरू केला. पडद्यावर संदेश आला, की सुरुवात करण्याजोगी चकती सापडत नाही. दुसऱ्या संगणकावर तीच फाइल व्यवस्थित दिसत होती! हे कोडे सोडवायला साठेक वर्षे मागे जावे लागते.

संगणक आज्ञावलीशिवाय काहीच करीत नाही, आणि आज्ञावली स्मृतीत भरणे हेही आज्ञावलीचेच काम. मग पहिली आज्ञावली भरणार कोण? स्वतःच्याच खांद्यावर चढण्यासारखा हा प्रकार. इंग्रजीत बुटाची पट्टी ओढून स्वतःला वर उचलण्याची कल्पना आहे. ‘बूट करणे’ हा शब्द तिच्यातूनच आला.

१९६५ साली आलेल्या पीडीपी-८ या यंत्रावर हे काम हातांनी होई. चालक दर्शनी भागावरच्या कळा वरखाली करून दीडेक डझन आज्ञा एकेक करून भरी. मग त्या आज्ञा कागदी फितीवरची मोठी आज्ञावली वाचून घेत. हा खटाटोप रोज मात्र करावा लागत नसे, कारण तेव्हाची स्मृती फेराइटच्या कड्यांची होती आणि वीज गेली तरी कड्यांचे चुंबकत्व टिके. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये सुरू झालेल्या टिफ्रॅकची स्मृतीही अशीच होती: ४० बिटांचे २०४८ शब्द, म्हणजे जेमतेम १० किलोबाइट!

पुढे अर्धवाहक स्मृती आली. ती स्वस्त, वेगवान. पण वीज बंद होताच कोरी. म्हणून पहिल्या आज्ञा न पुसणाऱ्या चिपमध्ये कायमच्या कोराव्या लागल्या. १९८१ च्या आयबीएम पीसीत त्यांचे नाव होते बायॉस. बायॉसला फाइल म्हणजे काय ते कळत नाही. चकतीवरचा पहिला ५१२ बाइटांचा तुकडा स्मृतीत आणायचा आणि कारभार त्याच्या हाती सोपवायचा, एवढेच ते जाणते.

कुंभवलीचे कोडे इथे सुटते. फाइल पेनड्राइव्हवर कुठेतरी मध्ये पडून होती. पहिल्या तुकड्यात लिनक्सला हाक मारणारे कोणीच नव्हते. आयएसओ फाइल नुसती ठेवायची नसते. ती पेनड्राइव्हच्या पहिल्या बाइटपासून जशीच्या तशी उमटवावी लागते. त्यासाठी डीडी किंवा रुफस वापरतात. पेनड्राइव्हवरचे आधीचे सारे पुसले जाते, आणि डीडीला चुकीच्या चकतीचे नाव दिले तर संगणकातले सगळे जाते. नाव दोनदा वाचावे. नव्या संगणकांतल्या यूईएफआयला मात्र फाइली वाचता येतात. ते ठराविक नावाची फाइल शोधून काढते.

१९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्सने लिनक्स प्रसिद्ध केले, तेव्हा ते फ्लॉपीवरून सुरू होई. २००० साली पेनड्राइव्ह बाजारात आले. त्यांपैकी एक अवघ्या ८ मेगाबाइटचा होता. तरी टिफ्रॅकची स्मृती त्यात सुमारे ८०० वेळा मावली असती.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. संगणक बंद करून हार्डडिस्कची जोडणी काढून ठेवावी आणि स्थापना न करताही चालणारे लिनक्स पेनड्राइव्हवरून सुरू करावे. पेनड्राइव्हच्या चिपमध्ये अडकवून ठेवलेले इलेक्ट्रॉन वीज नसतानाही जागचे हलत नाहीत; फेराइटच्या कड्यांचे जुने काम आता ते करतात.