लेखणीचें वय

जुनें फाउंटन पेन विकावयास आलें कीं त्याच्यामागून एखादी कथाही येते. पेन कोल्हापुराकडचें असलें तर ती कथा सहज दरबारापर्यंत पोहोंचते: हें राजर्षि शाहू महाराजांच्या काळचें, तें राजाराम महाराजांच्या कारभाऱ्याच्या मेजावरचें. कथा ऐकावयास गोड असते. पण इतिहास तिला एकच प्रश्न विचारतो. ज्या काळाचें नांव सांगितलें जातें, त्या काळीं ही वस्तु जन्मास तरी आली होती काय?

बोरूला हा प्रश्न विचारतां येत नाहीं. करवीर राज्याचा आरंभींचा कारभार बोरूनेंच चालला. रामचंद्रपंत अमात्यांचें १७१५ च्या सुमाराचें आज्ञापत्र हें त्याच युगांतलें. मोडी लिहितांना कागदावर आधीं रेघ ओढावयाची आणि हात शक्य तों न उचलतां अक्षरें जोडीत जावयाचें. बोरू झिजला कीं चाकूनें तासावा, फारच आंखूड झाला कीं टाकून द्यावा. त्यावर ना कारखान्याचें नांव, ना वर्ष. त्याचा इतिहास त्यानें लिहिलेल्या कागदांवरच वाचावा लागतो. पुढें धातूच्या टोकाचा टाक आला, तरी दौत जवळ बाळगावीच लागे.

दौतीची ही ताबेदारी फाउंटन पेनानें संपविली. त्याला मराठींत ‘झरणी’ असेंही नांव मिळालें. नळींतून शाई खालीं उतरावयाची तर तिच्या जागीं हवा आंत शिरली पाहिजे. हा व्यवहार सुरळीत करणाऱ्या रचनेचें पेटंट न्यूयॉर्कच्या वॉटरमननें १८८४ सालीं घेतलें. म्हणजे शाहू महाराजांनीं १८९४ सालीं राज्यकारभार हातीं घेतला तेव्हां फाउंटन पेन जगांत होतें. त्यांच्या कारकीर्दींतलीं पेनें मुख्यतः एबोनाइटचीं, म्हणजे गंधक घालून कठीण केलेल्या रबराचीं. बाजूची तरफ उचलून आंतील रबरी पिशवींत शाई ओढण्याची शेफरची युक्ति १९०८ च्या पेटंटाची आहे.

महाराजांचें निधन १९२२ सालीं झालें. त्यानंतर दोन वर्षांनीं, १९२४ मध्यें, शेफरनें सेल्युलॉइडचीं पेनें बाजारांत आणलीं, आणि काळ्या लेखणीला हिरवे, निळे, संगमरवरी रंग चढले. कोल्हापूरला या पदार्थाची ओळख दुसऱ्याच वाटेनें झाली होती. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे मूकपट, आणि १९२९ सालीं कोल्हापुरांत स्थापन झालेल्या ‘प्रभात’चा १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’, हे याच सेल्युलॉइडच्या पट्ट्यांवर उतरले. पट्टी काय, पेन काय, दोघांनाही आगीचें भय सारखेंच. तेव्हां रंगीबेरंगी सेल्युलॉइडचें पेन ‘शाहूकालीन’ म्हणून पुढें आलें तर त्याकडे संशयानेंच पाहावें. राजाराम महाराजांच्या कारकीर्दीला तें शोभेल. पण ते १९४० सालीं निवर्तले, आणि निब झांकलेलें प्रसिद्ध ‘पार्कर ५१’ बाजारांत सर्रास आलें १९४१ पासून. तें त्यांच्या नांवावर खपविणाऱ्याची कथा एका वर्षानेंच कोसळते.

मात्र या कसोटीला एकच धार आहे. वस्तु अमुक सालाच्या आधींची नाहीं, एवढें ती सांगते. नंतरची नाहीं, हें सांगत नाहीं. एबोनाइट १९२४ नंतरही वापरांत राहिलें. राजमहेंद्रीच्या रत्नम् यांचें स्वदेशी पेन वापरून महात्मा गांधींनीं १९३५ सालीं वर्ध्याहून पसंतीचें पत्र पाठविलें. हिंदुस्थानांत एबोनाइटचीं पेनें पुढेंही चरकावर कांतलीं गेलीं. त्यामुळें काळी नळी हा प्राचीनतेचा दाखला नव्हे.

कांहीं कारखान्यांनीं स्वतःच वय कोरून ठेवलें आहे. पार्करच्या अनेक पेनांवर वर्षाचा शेवटचा अंक असतो. १९३८ पासून कांहीं काळ त्याजवळ ठिपके दिसतात. पहिल्या तिमाहीस तीन, पुढें दर तिमाहीस एक कमी, आणि अखेरच्या तिमाहीस एकही नाहीं. पण ‘१’ हा अंक १९४१ चाही असूं शकतो आणि १९५१ चाही. तेथें शाई भरण्याची यंत्रणा पाहावी: ‘५१’ मध्यें नवी दाबनळी १९४८ सालीं आली.

आज हीं पेनें ऑनलाइन लिलावांत छायाचित्रावरून विकत घेतलीं जातात, म्हणून ही परीक्षा अधिकच अगत्याची. टोपण, निब व नळी यांचीं वेगवेगळीं जवळून घेतलेलीं चित्रें मागवावीं. नळीवरील अक्षरें वाचतां येतात कीं पॉलिशनें पुसलीं गेलीं, तें पाहावें. निब बदललेली असूं शकते, म्हणून केवळ तिच्यावरून साल ठरवूं नये. नळीचा रंग टोपणापेक्षां काळवंडलेला असला तरी टोपण दुसऱ्या पेनाचें असेलच असें नाहीं. आंतील रबरी पिशवींतल्या गंधकानेंही हिरवें सेल्युलॉइड तपकिरी पडतें. पेन हातीं आल्यावर एबोनाइट पाण्यांत भिजत घालूं नये, कारण त्याचा काळा रंग उतरून शेवाळी होतो. सेल्युलॉइडला उष्णता दाखवूं नये.

आणि एवढें सारें जुळलें, तरी सिद्ध होतें तें काळ, मालकी नव्हे. पेन १९१५ चें ठरलें म्हणून तें राजवाड्यांतलें ठरत नाहीं. त्याला पत्र, पावती, नोंद असा कागदच लागतो. ज्या अनाम कारकुनानें अशा पेनानें जन्मभर हिशेब लिहिले, त्याच्या खिशावरून तें काढून राजाच्या मेजावर ठेवणें, हा राजाचा गौरव नव्हे आणि कारकुनाला न्यायही नव्हे. खोट्या कथेनें पेनाची किंमत वाढते. त्याचा खरा इतिहास मात्र कायमचा हरवतो.