सायकलवर सामान कसं वाहायचं? रोजच्या वापराची संपूर्ण माहिती

किराणा, दळण, पाण्याचा जार किंवा डब्यांची पिशवी अशा कामांसाठी आपण लगेच बाइकला किक मारतो. मी ही कामं सायकलवरच करतो. त्यावरून मला सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "एवढं वजन सायकल झेलते कशी?" खरं तर सायकल वजन झेलते. अडचण येते ती तोल, ब्रेक आणि चढ या तीन ठिकाणी. आज आपण हे तिन्ही मुद्दे समजून घेऊ आणि इलेक्ट्रिक किट बसवायचं की नाही, तेही पाहू.

१. सामान नेमकं कुठे ठेवायचं?

नियम सोपा आहे: जड सामान खाली आणि दोन्ही बाजूंना सारखं. गवळ्याच्या किटल्या कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकतात, ते याचसाठी. मुंबईच्या गल्ल्यांत गॅस सिलिंडरही असेच आकड्याला लटकवून नेतात. भरलेला घरगुती सिलिंडर साधारण ३० किलोचा असतो (त्यात गॅस १४.२ किलो), तरी तो खाली असल्यामुळे सायकल डगमगत नाही. गोव्यातला पोदेर मात्र मोठी टोपली कॅरिअरवर उंच बांधतो. त्याला ते जमतं, कारण आत पाव असतात आणि पाव हलके असतात.

- दळणाचा डबा एकच असेल तर तो कॅरिअरवर आडवा ठेवा आणि सीटच्या जवळ सरकवा. वजन मागच्या चाकाच्याही मागे गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल थरथरतं.
- हँडलला जड पिशवी अडकवू नका. वळताना ती झुलते, कधी स्पोकमध्येही जाते.
- पाण्याचा जार पूर्ण भरलेला न्या. अर्धवट जारमधलं पाणी हिंदकळतं आणि तोल घालवतं.
- बांधायला जुन्या ट्यूबची रबरी पट्टी उत्तम. तिचं टोक लोंबकळत ठेवू नका.
- कॅरिअरवर वजनाची मर्यादा छापलेली आहे का ते बघा. बऱ्याच अ‍ॅल्युमिनियम कॅरिअरवर ती २५ किलो असते.

२. ब्रेकचं गणित

वजन वाढलं की थांबायला जास्त अंतर लागतं, पण वेगाचा परिणाम त्याहून मोठा आहे. सायकलमधली गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १५ किमीऐवजी २० किमी वेग ठेवला, तर ब्रेकला जवळपास पावणेदोन पट ऊर्जा जिरवावी लागते. म्हणून सामान असताना माझा पहिला उपाय म्हणजे वेग कमी ठेवणं.

पावसात जास्त सांभाळा. जुन्या सायकलींच्या स्टीलच्या रिम ओल्या झाल्या की ब्रेकचे रबर घसरतात. थांबायच्या बरंच आधी ब्रेक हलके दाबून रिमवरचं पाणी पुसून घ्या, मग जोर लावा.

३. चढावर दम का लागतो?

समजा तुम्ही, सायकल आणि सामान मिळून १०० किलो आहात. ५ टक्के चढावर (म्हणजे १०० मीटरला ५ मीटर उंची) ताशी ९ किमी वेगाने जायला फक्त चढासाठीच सुमारे १२० वॉट शक्ती लागते. सराव नसलेला माणूस बराच वेळ देऊ शकतो ती साधारण ७५ ते १०० वॉट. तोच चढ ताशी ५ किमीने चढला तर ७० वॉटच्या आत काम होतं. म्हणजे हळू जाणं हाच उपाय.

पण इथे गिअर आडवा येतो. तुमच्या सायकलचे दाते मोजा. पुढे ४४ आणि मागे १८ असतील, आणि चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर असेल, तर पायडलच्या एका फेरीत सायकल ५.४ मीटर पुढे जाते. या गिअरवर ताशी ५ किमीने जायचं तर मिनिटाला फक्त १५ फेऱ्या होतात. तेवढ्या हळू पायडल मारताना गुडघ्यावर ताण येतो आणि तोलही जातो. मागे २२ दात्यांचं फ्रीव्हील बसवलं तर एक फेरी ४.४ मीटरची होते. सायकल दुरुस्तीवाला हे काम सहज करून देतो. मात्र चेनची लांबीही त्याच्याकडून तपासून घ्या.

आणि खूप चढ असेल तर उतरून ढकला, त्यात कमीपणा नाही. व्हिएतनाममध्ये १९५४ च्या दिएन बिएन फूच्या लढाईत सैन्याची रसद सायकलींवर गेली. एकेका सायकलवर २०० किलोच्या आसपास ओझं असायचं, आणि लोक ती चालवत नव्हते, ढकलत नेत होते.

फोनची मदत: रस्त्याचा चढ मोजायला लेव्हल अ‍ॅप वापरा. आयफोनच्या मेझर अ‍ॅपमध्ये ते असतंच, अँड्रॉइडसाठी वेगळं अ‍ॅप मिळतं. रस्त्याच्या कडेला सपाट फळी ठेवून त्यावर फोन ठेवा. ३ अंश दिसले तर चढ साधारण ५ टक्के आहे.

४. इलेक्ट्रिक किट घ्यावं का?

रोज चढ आणि रोज ओझं असेल तर उपयोग होतो. ३६ व्होल्ट, ७.५ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे २७० वॉट-तास, आपल्या ५००० एमएएचच्या सुमारे १४ फोनएवढी. एका चार्जला अंदाजे ०.३ युनिट वीज लागते. किलोमीटरला १० वॉट-तास खर्च धरला तर २५ किमीच्या आसपास पल्ला मिळतो. ओझं आणि चढ वाढले की तो कमी होतो.

पण ऑनलाइन मिळणारं १००० वॉटचं किट घेण्याआधी थांबा. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटर २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किमीपेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत आणि अधिकृत चाचणी संस्थेची मंजुरी असेल तरच त्या वाहनाला नोंदणी लागत नाही. त्यापुढची सायकल कायद्याने मोटार वाहन ठरते. उद्या अपघात झाला तर तुमच्याकडे ना नोंदणी, ना विमा. शिवाय साध्या सायकलचे ब्रेक त्या वेगासाठी बनवलेले नसतात.

नेहमीचे प्रश्न

हवा किती भरायची? टायरच्या बाजूला पीएसआयमध्ये मर्यादा छापलेली असते. ओझं असेल तर त्या मर्यादेच्या जवळ ठेवा. कमी हवेत खड्ड्यात रिम आपटते.

सामान न्यायला लागल्यावर काय तपासायचं? मागच्या चाकाचे स्पोक. सर्वात जास्त भार तिथेच येतो. एखादा ढिला लागला किंवा चाक डुलताना दिसलं तर लगेच आऊट काढून घ्या. एक स्पोक तुटला की शेजारच्यांवर ताण वाढतो.

सुरुवात किती वजनाने करू? ५ किलोचं दळण घ्या, सपाट रस्त्याने जा, आणि वाटेत रिकाम्या जागी दोनदा ब्रेक मारून बघा. सायकल कुठे थांबते ते कळलं, की मग वजन वाढवा.