बोनेटवरचं 'डीआय' आणि थंडीतला हीटर

धानाची पुंजणी चुरायला घेतली की सकाळी एकच तक्रार ऐकू येते, इंजिन पकडत नाही. मूल-सिंदेवाहीपासून कुरखेडा-कोरचीपर्यंत डिसेंबरात हेच. मग कोणी पंप खोलायला सांगतो, कोणी म्हणतो रिंगा गेल्या. पण मुळात आपल्या इंजिनाला हीटर आहे का, हे आधी कोणी विचारत नाही. पुस्तकात ग्लो प्लग, मिस्त्रीच्या तोंडी हीटर. त्याचा इतिहास माहीत असला तर अर्धं निदान बोनेट न उघडता होतं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली की तापते, त्यात डिझेल फवारलं की पेटतं. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन 1897 साली जर्मनीत यशस्वी झालं. त्याच्या आधीच, 1890 मध्ये, इंग्लंडच्या हर्बर्ट अॅक्रॉइड स्टुअर्टने वेगळ्या इंजिनाचं पेटंट घेतलं होतं. त्याच्या डोक्यावरचं लोखंडी बोंड आधी ब्लो लॅम्पने लालबुंद करायचं, मगच चाक फिरवायचं. 1921 चा लान्झ बुलडॉग ट्रॅक्टरही असाच तापवून चालू करावा लागे. म्हणजे थंडीत इंजिनापुढे आग घेऊन बसणं काही आपल्यापासून सुरू झालं नाही!

1909 मध्ये बेन्झ कंपनीच्या प्रॉस्पर लोरांजने प्री-चेंबरचं पेटंट घेतलं. डिझेल थेट पिस्टनवर न मारता आधी एका लहान खोलीत फवारायचं. इंजिन मऊ चाललं, पण त्या खोलीच्या गार भिंती हवेची उष्णता खाऊन टाकतात. म्हणून तिथे विजेवर तापणारा हीटर बसवावा लागला.

आपल्याकडे तो ट्रॅक्टरमधून आला. 1963 मध्ये महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून ट्रॅक्टर कंपनी काढली. कांदिवलीत बनलेला बी-275 मूळचा इंग्लंडच्या डॉनकास्टरचा. त्याचं जुनं इंजिन चेंबरवालं आणि हीटर एकामागे एक, लग्नातल्या जुन्या दिव्यांच्या माळेसारखे जोडलेले. एक तुटला की चारही थंड.

पुढे इंजिन बदललं, डिझेल थेट पिस्टनच्या खळग्यात पडू लागलं. 275 च्या पुढे 'डीआय' लागलं ते यामुळे, डायरेक्ट इंजेक्शन. गार भिंती कमी झाल्या आणि आपल्या हवामानात हीटरची गरजच उरली नाही. त्यामुळे डीआय ट्रॅक्टर सकाळी पकडत नसेल तर हीटर शोधू नका. बॅटरी, सेल्फ, नोझल, कॉम्प्रेशन पाहा. पंपाच्या एक सिलिंडरच्या किर्लोस्करलाही हीटर नसतो, तिथे डिकॉम्प्रेशनची खिट्टी आणि मनगट.

हीटर टिकला तो गाड्यांत. 1980 च्या दशकातल्या महिंद्रा जीपमधलं पेजोचं इंजिन, बजाज टेम्पोच्या मॅटाडोर आणि ट्रॅक्सचं मर्सिडीजचं इंजिन, ही चेंबरवाली. एटापल्ली-भामरागडच्या रस्त्यावर रात्री पेशंट न्यायचा तर याच गाड्या होत्या. म्हणून कित्येक जण गाडी उताराला लावूनच झोपायचे. आता कुबोटाच्या छोट्या ट्रॅक्टरमुळे हीटर पुन्हा बांधीत आलाय. कॉमन रेल पिकअपलाही तो असतो, तिथे मात्र 'डीआय'चा नियम लावू नका.

आता ओळखायचं कसं? दुपारी अर्ध्या सेल्फवर चालू होतं, पहाटे नाही. पकडल्यावर पांढरा धूर, खटखट, एक सिलिंडर मिस आणि दोन-तीन मिनिटांत सगळं सुरळीत, तर संशय हीटरवर. गरम इंजिनही पकडत नसेल तर दोष दुसरीकडे. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून अजिबात धूर नाही म्हणजे डिझेलच पोचत नाही.

नव्या जोडणीत प्रत्येक हीटरला बॅटरीचे 12 व्होल्ट स्वतंत्र मिळतात. चावी हीटरवर धरून हीटरवरच्या पट्टीला करंट येतो का ते आधी पाहा. नसेल तर फ्यूज किंवा रिले. येत असेल तर चावी बंद करून पट्टी काढा. टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं एकेका हीटरच्या डोक्याला. जिथे दिवा लागत नाही तो हीटर तुटलेला. मीटर असेल तर उत्तम, कारण शॉर्ट झालेल्या हीटरवरही दिवा लागतो. मीटरवर चांगला हीटर साधारण एक ओहमच्या आसपास दाखवतो.

माळेच्या जुन्या हीटरला मात्र सरळ 12 व्होल्ट देऊ नका, जळतो. तिथे डॅशबोर्डवरची तार पाहायची. लालच होत नाही तर माळ तुटली; नेहमीपेक्षा झटकन आणि जास्त लाल होते तर एखादा शॉर्ट.

आणि एक. हीटरवाल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे मारू नका. ईथर लाल हीटरवर वेळेआधी भडकतो, पिस्टन किंवा रिंगा फुटतात. एअर फिल्टरशी पेटता बोळा धरणंही तसलंच, तणसाच्या ढिगाजवळ तर नकोच नको. त्यापेक्षा हीटर दोनदा पूर्ण तापवून मग सेल्फ मारा.