प्रोमोव्हेंडस (डच विद्यापीठांतील डॉक्टरेट संशोधक)

नेदरलँड्समधील विद्यापीठात डॉक्टरेट पदवीसाठी संशोधन करणारी व्यक्ती. यांतील सर्वांत मोठा गट विद्यापीठाच्या नोकरवर्गात मोडतो. जागेची जाहिरात निघते, अर्ज व मुलाखत होते आणि निवड झालेल्याला नेमणूकपत्र मिळते. त्याला शिक्षणशुल्क भरावे लागत नाही; उलट दरमहा पगार मिळतो.

पूर्वपीठिका : १९८६ मध्ये ‘असिस्टंट इन ओप्लेडिंग’ (शिक्षणाधीन साहाय्यक) ही पदे निर्माण झाली. उमेदवार शिकत आहे, या कारणास्तव त्याचा पगार बराच कमी ठेवला जाई. पुढे ॲम्स्टरडॅम विद्यापीठाने काही संशोधकांना पगाराऐवजी शिष्यवृत्ती दिली, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. हे संशोधक प्रत्यक्षात कर्मचारीच आहेत, असा निकाल डच सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला.

सेवाशर्ती : विद्यापीठांची संघटना व कामगार संघटना यांच्यातील सामूहिक करारानुसार सेवाशर्ती ठरतात, विद्यापीठीय रुग्णालयांसाठी वेगळा करार आहे. नेमणुकीस पदव्युत्तर पदवी लागते. पूर्णवेळ काम आठवड्याला ३८ तासांचे असून मुदत सहसा चार वर्षांची असते. प्रथम वर्ष-दीड वर्षाची नेमणूक होते आणि प्रगती समाधानकारक असल्यास उरलेला काळ दिला जातो. सप्टेंबर २०२४ च्या दरांनुसार करकपातीपूर्वीचे मासिक वेतन पहिल्या वर्षी २,९०१ युरो, तर चौथ्या वर्षी ३,७०७ युरो होते. त्याखेरीज वार्षिक वेतनाच्या ८ टक्के सुटीभत्ता व ८.३ टक्के वर्षअखेर भत्ता मिळतो. भरपगारी रजा, आजारपणातील वेतन, १६ आठवड्यांची प्रसूतिरजा आणि निवृत्तिवेतन निधी हे हक्कही लागू असतात. भारतातील कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीहून ही व्यवस्था मुळातच वेगळी आहे. तेथे अनुदान मिळते, येथे नोकरदाराचे हक्क मिळतात.

काम व पदवी : सुरुवातीलाच प्रशिक्षण व मार्गदर्शनाचा लेखी आराखडा ठरतो. संशोधनासोबत थोडे अध्यापनही करावे लागते. मुख्य मार्गदर्शकाला ‘प्रोमोटर’ म्हणतात. प्रबंध आधी त्याच्या व नंतर समितीच्या पसंतीस उतरावा लागतो, त्यामुळे जाहीर समर्थनाच्या दिवसापूर्वीच खरा निर्णय झालेला असतो. समर्थन बहुतेक ठिकाणी ४५ मिनिटे चालते. वेळ संपताच विद्यापीठाचा मानकरी आत येऊन ‘होरा एस्ट’ अशी लॅटिन घोषणा करतो आणि उत्तर अर्धवट असले तरी प्रश्नोत्तरे थांबतात.

नोकरीबाहेरचे संशोधक : दुसरी नोकरी सांभाळून स्वखर्चाने संशोधन करणारे ‘बाउटनप्रोमोव्हेंडस’ आणि मायदेशाच्या शिष्यवृत्तीवर आलेले परदेशी संशोधक यांना सामूहिक कराराचे संरक्षण नसते. २०१६ मध्ये सरकारने शिष्यवृत्तीधारक संशोधकांचा प्रयोग सुरू केला. त्यात सर्वाधिक सहभाग ग्रोनिंगन विद्यापीठाचा होता. संशोधकांच्या संघटनांनी त्याला सातत्याने विरोध केला आणि २०२४ नंतर तो पुढे चालू ठेवला गेला नाही.

मूल्यमापन : ज्ञाननिर्मिती हे श्रम आहेत व श्रमाला वेतन मिळाले पाहिजे, हे तत्त्व या पद्धतीने कायद्याच्या पातळीवर मान्य केले, ही तिची मोठी कामगिरी होय. मात्र अनेकांचा प्रबंध चार वर्षांत पुरा होत नाही. करार संपल्यावर ते बेकारी भत्त्यावर किंवा दुसरी नोकरी करत, मोबदल्याविना लेखन पूर्ण करतात. पदवी मिळाली की विद्यापीठाला सरकारी निधी मिळतो, पण त्या अखेरच्या महिन्यांचे श्रम वेतनाबाहेरच राहतात. चार वर्षांत खरोखर पूर्ण होईल एवढाच विषय आखणे, ही जबाबदारी म्हणूनच मार्गदर्शक आणि विद्यापीठ यांच्यावर येते.